बुडवलेल्या देवाची गोष्ट

आमच्या यांच्याकडे लोकांना हसवायला एकच गोष्ट होती, पण ती यांनी इतक्यांदा सांगितली की भिवंडीतल्या निम्म्या लूमवाल्यांना ती पाठ झाली. शिफ्ट सुटली आणि चहाच्या टपरीवर चारजण जमले की कोणीतरी म्हणणारच, "उस्ताद, वो अम्मावाली सुनाओ." मग हे बाह्या सरसावून सुरू. परमुलखात आईने देव कसा बुडवला, शिपाई पँटीसकट पाण्यात कसा घुसला, आणि शेवटी यांनी एक बोट डोक्याशी फिरवून सगळ्यांना कसं सोडवून आणलं. बोट फिरवलं की हशा. तो हशा मी आमच्या खिडकीतून कितीदा ऐकलाय, आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय.

गोष्ट खोटी नाही. मी तिथे होते. पण हे सांगायचे ती अर्धी होती, आणि त्या अर्ध्या गोष्टीपायी माझ्या सासूचं काय झालं ते हसणाऱ्यांपैकी एकानेही कधी विचारलं नाही. म्हणून आज मी पूर्ण सांगते. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

माझ्या सासूबाई भिवंडीजवळच्या कोन गावच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, भाताच्या शेतात वाकून वाकून कंबर धरलेली, हात राठ. पण कोनमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत त्यांच्याशिवाय लग्न लागत नसे. आमच्याकडे भटजी येतो तो नंतर, आधी लागते धवलारीण. हळदीच्या मांडवात बसून ती धवले गाते आणि एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. गावदेवी, वेशीवरचा देव, खाडी, डोंगर, घरातले गेलेले वाडवडील. एखादा राहिला तर तो रुसतो आणि संसारात विघ्न आणतो असं मानतात. हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं, सगळं धवलारणीच्या तोंडात. सासरे गेल्यावर सासूबाईंच्या कपाळावर कुंकू राहिलं नाही, पण मांडवातली त्यांची जागा कोणी हलवली नाही. नवरी आधी त्यांच्या पाया पडायची, मग बाकीच्यांच्या. सुतकात सण आला तर काय करायचं, बाळाची पाचवी कशी पुजायची, असं काही अडलं की घराघरातून निरोप यायचा, काकींना विचारून या.

मी टेमघरची. मॅट्रिक झालेली, आणि मुळात तापट. पहिल्या वर्षी आमचं चांगलंच वाजलं. सुनेला भात मोजून टाकता येत नाही आणि तोंड मात्र मोजल्याशिवाय चालतं, असं त्या म्हणायच्या. दोन्ही खरं होतं. पण ती बाई पाठीमागे कधी बोलली नाही, जे असेल ते समोर. मला असली माणसं आवडतात, मग ती सासू का असेना.

हे लूम फिटर. यांचा हात चांगला होता, ते मी नाकारत नाही. नुसत्या आवाजावरून लूमचं दुखणं ओळखायचे. सत्तरच्या दशकाच्या त्या शेवटच्या वर्षांत जो तो बाहेरदेशी जायच्या गोष्टी करत होता. यांना लिबिया मिळालं. तिथे एक कापडगिरणी उभी राहत होती, तिच्या कंत्राटदाराला फिटर हवे होते. आधी हे गेले, मग मला बोलावून घेतलं, आणि मला दिवस राहिले. माझी आई मी फ्रॉकात असतानाच गेलेली, तेव्हा बाळंतपण करायला यांनी सासूबाईंनाही आणवलं. कल्याणच्या पलीकडे फारशी न गेलेली बाई विमानात बसून आली, ती डिंक, बाळंतशोपा आणि दोन गोधड्या घेऊन. विमान कसं होतं विचारलं तर म्हणाल्या, "बसायला बरं हाय, पन खिडकी उघडत न्हाय."

तिकडे शुक्रवारी सुट्टी. मला सातवा लागला होता, तेव्हाच्या एका शुक्रवारी कंपनीची बस सगळ्यांना घेऊन समुद्राकाठच्या एका जुन्या गावाला निघाली. गाव तसं लहान. पांढरी घरं, मासळीचा बाजार, पाव भाजणाऱ्याचं दुकान. पण त्याच्या टोकाला, अगदी पाण्याला लागून, रोमन लोकांचं एक अख्खं शहर पडलेलं. रस्ते होते, दुतर्फा दगडी जोती होती, छपरं नव्हती. खांबांवर खांब रचलेलं एक मोठं नाटकगृह अजून उभं होतं, आणि त्याच्या खांबांमधून मागचा समुद्र दिसायचा. मी इतिहासाच्या पुस्तकात असलं काही पाहिलेलं होतं, पण पुस्तकात ते एवढं मोठं नव्हतं. मला फार आवडलं. पोट सावरत मी वेड्यासारखी फिरत होते.

वाळूवर गोऱ्या बाया पोहण्याच्या कपड्यांत उन्हाला पडल्या होत्या. आमच्या बसमधले बाप्ये माना वळवून वळवून बघत होते आणि बायका पदर तोंडाला लावून. मला वाटलं, आता सासूबाई काहीतरी बोलणार. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आमी भातलावनीला यापेक्षा वर खोचतो." पुढे चालू लागल्या. त्यांचं लक्ष पाण्याकडे होतं. खाडीकाठची बाई, भरती-ओहोटीवर दिवस ओळखणारी. बराच वेळ उभं राहून त्यांनी पाणी न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हा दर्या हलत न्हाय गं. हेला ओहोटी कवा?" मी यांना विचारलं. हे म्हणाले, इथे ओहोटी अशी नसतेच, असली तर वीतभर. सासूबाईंना ते काही पटलं नाही. समुद्राला ओहोटी नाही म्हणजे न्यायचं कसं त्याने, असं त्या पुटपुटल्या. काय न्यायचं, ते मी विचारलं नाही.

मग मूर्ती दिसल्या. रस्त्याच्या कडेने उभ्या केलेल्या, पुरुषभर उंच, पांढऱ्या दगडाच्या. अंगावरच्या वस्त्राची चुणी न् चुणी कोरलेली, आणि डोकी नाहीत. कोणाला हात नाही, कोणाचा पाय गुडघ्यातून गेलेला. सासूबाई जागच्या जागी थांबल्या. "हे देव?" त्यांनी यांना विचारलं. यांना काय ठाऊक, पण ठाऊक नाही म्हणतील तर ते हे कसले. "हां, त्यांचे देव," म्हणाले. तेवढ्यात आमच्याच बसमधल्या एकाने आपलं पोर एका बसलेल्या मूर्तीच्या मांडीवर चढवलं, स्वतःची टोपी तिच्या तुटक्या मानेवर ठेवली आणि फोटो काढायला लागला. सगळे हसले, यांच्यासकट.

सासूबाईंचा चेहरा बघवेना. आपल्याकडे देवघरातल्या मूर्तीचा टवका उडाला तरी ती कोणी ठेवत नाही. खंडित मूर्ती घरात नको, अंगणात नको, उकिरड्यावर तर नकोच. ती हळद-तांदूळ वाहून पाण्यात सोडायची, की देव सुटला. आमच्याकडे असल्या मूर्ती घेऊन बाया सासूबाईंकडेच यायच्या, आणि सासूबाई ओहोटी बघून त्यांच्याबरोबर खाडीवर जायच्या. त्या बाईला इथे दिसत होतं काय, तर रांगेने उभे केलेले मोडके देव, त्यांच्यावर चढणारी पोरं, आणि हाकेच्या अंतरावर एवढा मोठा समुद्र. "कोनी वाली न्हाय का यांना?" एवढंच म्हणाल्या. मलाही तेव्हा लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

हे आपल्या मित्रांबरोबर नाटकगृह बघायला गेले. माझे पाय सुजले होते, म्हणून मी किनाऱ्यालगत एका पडक्या भिंतीवर टेकले. तिथे त्या शहराचा काही भाग समुद्रात गेलेला होता. खांब आडवे होऊन पाण्यात पडलेले, फरशा पाण्याखाली, सगळं वरून स्वच्छ दिसत होतं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "बघ," म्हणाल्या, "हेंनी पन सोडलेत पान्यात. राहिलेलं राहून गेलं असंल."

माझ्या पायाशी फुटक्या दगडांचा ढीग होता. त्यात एक लहानशी मूर्ती आडवी पडली होती, तान्ह्या पोराएवढी. पोराचीच होती ती, गुबगुबीत पोट, वळ्या पडलेले पाय. डोकं नव्हतं. सासूबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. मला म्हणाल्या, "तू तिकडं तोंड कर." मी केलं. असल्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालत नसे.

मी वळून बघितलं तेव्हा त्या गुडघाभर पाण्यात होत्या. मूर्ती पदरात, कमरेच्या पिशवीतली हळद तिला लावलेली, वर चार तांदूळ. त्या गात होत्या. धवल्याचाच सूर, पण हलका, लेकराला निजवावं तसा. मग त्यांनी ती पाण्यात सोडली, हात जोडले आणि मागे न बघता बाहेर आल्या. मागे बघायचं नसतं.

शिट्टी वाजली. पहारेकरी लांबून बघत होता वाटतं. तो ओरडत आला, बूट काढायलाही थांबला नाही, तसाच पाण्यात शिरला. ओहोटी नसलेल्या समुद्राने मूर्ती नेली नव्हतीच. ती जिथे सोडली तिथेच वाळूत बसली होती. त्याने ती काढली, सदऱ्याने पुसली आणि आम्हाला हाताने खूण केली, चला. धावाधाव बघून हेही आले. घाबरून पांढरे पडले होते.

फाटकाशी त्यांची एक कचेरी होती. आत एक वयस्कर अधिकारी, जाड चष्म्याचा. मूर्ती त्याच्या टेबलावर ठेवली, हळदीचे डाग अजून तसेच. त्याने इंग्रजीत विचारलं, कोणत्या कंपनीचे, नाव काय, आणि या बाईने हे का केलं. आवाज चढवला नव्हता. का केलं, एवढंच विचारत होता तो. मी उत्तर जुळवत होते. माझं मॅट्रिकचं इंग्रजी, पण 'ब्रोकन गॉड' आणि 'वॉटर' एवढं मला नक्की आलं असतं. त्याला कळलंही असतं, असं मला अजून वाटतं. पण कंपनीचं नाव निघालं आणि यांचा धीर सुटला. तक्रार गेली तर नोकरी जाईल, परत पाठवतील, भिवंडीत तोंड काय दाखवायचं. हे मधेच पुढे झाले आणि म्हणाले, "सर, मदर मॅड. ओल्ड वुमन. हेड नो गुड." आणि बोट कानशिलाशी नेऊन गोल गोल फिरवलं.

सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पण त्या यांच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी बोट पाहिलं, मग लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. घामाने डबडबलेलं तोंड. मग त्यांनी डोक्यावरचा पदर खाली सोडला, फरशीवर फतकल मारली आणि हसायला लागल्या. माझ्या सासूबाई हसताना तोंडाला पदर लावायच्या. हे हसणं तोंड उघडं टाकून, मान हलवत, लाळ गळेपर्यंत. अधिकाऱ्याने चष्मा काढला, मान खाली घातली आणि हातानेच जा म्हणून सांगितलं.

त्या पहारेकऱ्याच्या पँटीतून अजून पाणी ठिबकत होतं. त्याने पेलाभर पाणी आणलं, सासूबाईंसमोर उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी पेला पुढे धरून म्हणाला, "हाज्जा." हज करून आलेल्या आजीला ते लोक तसं म्हणतात, मान म्हणून. परक्या माणसाने वेडी समजूनसुद्धा मान दिला. आणि पोटचा गोळा दारात उभं राहून "चला, चला, लवकर" करत होता.

बसमध्ये यांची छाती फुगली होती. "डोकं लागतं," म्हणत होते. लोक पाठ थोपटत होते. सासूबाई खिडकीशी बसून पदर नीट डोक्यावर घेत होत्या.

दुसऱ्या दिवशी हे ड्युटीवर गेल्यावर मी विषय काढला. त्या मासळी साफ करत होत्या.

"आई, तुम्हाला कळलं होतं ना, हे काय म्हणाले ते?"

"बोट समद्या मुलखात सारखंच फिरतं," त्या म्हणाल्या.

"आणि तरी तुम्ही तसं केलंत?"

"मंग काय करू? परका मुलूख, समोर सरकारी मानूस. लेकानं एक सांगायचं नि आईनं दुसरं?"

"पण वेडी म्हणाले ते तुम्हाला. सरळ खरं सांगायचं सोडून."

"घाबरला तो. ल्हानपनापासून घाबरट हाय." त्यांनी सुरी धुतली. "दोन घटका येडी झाले. त्याची रोजी टिकली. हितं मला कोन वलखतं? तू कुनाला बोलू नको. त्याला पन न्हाय. त्याला वाटू दे त्यानंच सोडवलं."

मी यांना काही सांगितलं नाही, पण मला ते पटलं नव्हतं. राग गिळायची मला सवय नाही.

मुलगी तिकडेच झाली, सुखरूप, सासूबाईंच्या हातावर. रोज तेल लावताना त्या तिला धवले म्हणून दाखवायच्या, सगळे देव, ओळीने. लिबियात गायला कोणाचं लग्न नव्हतं, तर हिच्यापुढे. मुदत संपल्यावर आम्ही परत आलो, आणि मुलीच्या राहिलेल्या बारशाला, पाहुणे जेवायला बसलेले असताना, यांनी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. बोट फिरवून. सासूबाई आत वडे तळत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं. त्यांनी पुढचा घाणा तेलात सोडला.

त्या रात्रीच मी यांना सांगितलं, ही गोष्ट पुन्हा सांगू नका. हे म्हणाले, "अगं, गंमत ती." गंमत. हौसेला मोल नाही म्हणतात, ते असल्या हौशींसाठी खरं असावं, कारण मोल दुसऱ्याने भरायचं असतं. मग टपरी, मग लूमची शेड, मग लग्नाच्या पंगती. गोष्टीला पाय फुटले. आई शिपायाला चावली, आईला दोरीने बांधून आणलं, असंही मी ऐकलं. एका बाईने मला दबक्या आवाजात विचारलं, आता बरी आहे का गं सासू, की अजून तसंच? मी तिला जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही.

लग्नसराई आली. कोनमध्ये हळदी लागायला लागल्या, आणि सासूबाईंना बोलावणं येईना. आधी वाटलं, विसरले असतील. मग कळलं, दुसऱ्या गावची एक बाई आणतात. कोणी स्पष्ट बोलत नव्हतं. पण देवांना बोलवायचं काम, तिथे डोकं फिरलेली बाई कोण बसवणार? आणि शंका तरी कशी घ्यायची, तिचा सख्खा मुलगा सांगतो म्हटल्यावर? लिबियात त्यांना कोणी ओळखत नव्हतं, तिथे दोन घटका वेडं होणं परवडलं. इथे पंचक्रोशी ओळखत होती. सासूबाईंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. फक्त हळदीच्या दिवशी लाऊडस्पीकर सुरू झाला की त्या उठून मागच्या दारी जायच्या. आणि यांना ते दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणजे बघायचंच नव्हतं.

मग घरातलंच लग्न निघालं. माझ्या चुलत सासऱ्यांची मुलगी, एकाच अंगणातली, सासूबाईंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. तिने हट्ट धरला की माझ्या हळदीला काकीच गाणार. चुलत सासरे हो म्हणाले. मी सासूबाईंसाठी नवं लुगडं आणलं. सकाळपासून त्या दहादा मांडवात जाऊन तांब्या-तांदूळ नीट करून आल्या होत्या. एवढ्या महिन्यांत त्यांना असं झपझप चालताना मी पाहिलं नव्हतं.

दुपारी मांडव भरला. नवऱ्या मुलाकडची चार माणसं आली होती, त्यांच्यात एक वयस्कर गृहस्थ, लग्न जुळवणारे. त्यांनी चुलत सासऱ्यांना बाजूला घेतलं, पण बोलले असे की सगळ्यांनी ऐकावं. "धवलारीण दुसरी बसवा. आमी बरोबर आनलीय. वैनींचं आमी ऐकलंय. उगाच काय भलतंच बोलल्या म्हंजे?" चुलत सासरे चुळबुळले. आणि आमचे हे, शेजारीच उभे, यांनी तोंड उघडलं ते काय म्हणायला? "बरोबर आहे. नाहीतर नवरदेवालाच खाडीत सोडायची." आणि बोट फिरवलं. मांडव हसला.

मी मुलीला जावेच्या हातात दिलं आणि मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. चारचौघांत सुनेने बोलायची पद्धत नाही, ते मला माहीत होतं. मी सगळं सांगितलं. की ही बाई जन्मात कधी वेडी नव्हती. खंडित मूर्ती बघून तुम्ही-आम्ही जे करतो तेच तिने केलं. हे घाबरले आणि आपली नोकरी वाचवायला यांनी आईला वेडी ठरवलं. तिने ते बोट बघितलं, ओळखलं, आणि लेक खोटा पडू नये म्हणून त्या परक्या माणसापुढे फरशीवर बसून वेड्याचं सोंग केलं. "त्या सोंगावर यांनी पोट वाचवलं आणि वर दोन वर्षं लोकांना हसवतात," मी म्हणाले. "ज्याला अजून हसायचंय त्याने आता हसावं."

कोणी हसलं नाही. यांचं तोंड पडलं होतं. सोंगाचं यांना ठाऊकच नव्हतं. त्या क्षणापर्यंत आपणच आईला सोडवलं अशीच यांची खात्री होती. ते गृहस्थ म्हणाले, "सूनबाई, तुमी सासूची बाजू घेनारच. त्यांनाच विचारू या." मला तेच हवं होतं. मी वळले. "आई, सांगा यांना."

सासूबाई नवं लुगडं नेसून पाटाजवळ उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, लेकाकडे पाहिलं. सगळा गाव, सगळे सोयरे, आणि मधे हे, मान खाली घालून. मग त्या बोलल्या, अगदी स्वच्छ, शांत आवाजात. मांडवात त्यांच्याहून शहाणं कोणी नसेल.

"माजा पोर सांगतो तेच खरं हाय. माज्या ध्यानात राहत न्हाय आता. दुसरी बसवा."

त्यांनी हळदीचं ताट त्या परगावच्या बाईच्या हातात दिलं आणि बायकांच्या मागे, भिंतीला टेकून बसल्या. मी तिथेच उभी. मला इतका राग आला होता की रडूही येईना. यांचा राग तर होताच, पण त्या घटकेला सासूबाईंचाही आला. माझं बोलणं त्यांनी भर मांडवात धुळीला मिळवलं होतं, आणि कोणासाठी?

ती बाई गायला बसली. आवाज गोड होता तिचा. गावदेवी झाली, वेशीवरचा झाला, खाडी झाली. मग ती अडखळली. आमच्या गावचे देव तिला सगळे ठाऊक कुठून असणार? दोनदा मागची ओळ घेऊन आली, पुन्हा तिथेच थांबली. "फुडं कोन?" तिने विचारलं. सवयीने सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. नवरीची पण. हळदीने भरलेल्या तोंडाने ती नुसती बघत राहिली.

पुढचा कोण ते मलासुद्धा माहीत होतं. माझ्या मुलीला तेल लावताना मी ते रोज ऐकलेलं. पण ते सुनेने म्हणायचं नसतं.

हे बायकांमधून वाट काढत गेले आणि सासूबाईंसमोर खाली बसले. मी यांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आई, सांग ना," हे म्हणाले.

सासूबाईंनी यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला न्हाय आठवत, पोरा," म्हणाल्या.

त्या बाईने थोडी वाट पाहिली. मग तो देव तिने तसाच सोडला आणि पुढचं गायला लागली.